घरच्या घरी ऑइल चेंज: कुठलं ऑइल, कुठला फिल्टर आणि नट किती आवळायचा

मागच्या महिन्यात भाच्याने सेकंड हँड ॲक्टिव्हा घेतली आणि दुसऱ्याच दिवशी फोन, मामा ऑइल कुठलं टाकू, कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो गाडी जुनी आहे २०डब्ल्यू-५० टाक, मित्र म्हणतो फुल सिंथेटिकच टाक, आणि एका व्हिडिओत तर चक्क डिझेल गाडीचं ऑइल टाकून दाखवलंय. मी म्हटलं आधी सीटखालचं पुस्तक काढ. तर म्हणे कुठलं पुस्तक. मग त्याला तासभर फोनवर जे सांगितलं तेच जरा सावकाश लिहून काढतोय. मी मेकॅनिक नाही, नोकरी ऑफिसातली, पण घरच्या दोन दुचाक्या आणि एक कार यांचं ऑइल गेली बारा-तेरा वर्षं स्वतःच बदलतो आणि त्यात करता येण्यासारख्या बहुतेक चुका करून झाल्यात.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हे वाचून नुसतं ठेवून द्या, सर्व्हिस सेंटरलाच न्या, शंभर रुपये वाचवायला जाऊन उद्या इंजिनचा क्लेम अडकला तर काय घ्या.

आधी पुस्तक

पुस्तक म्हणजे ओनर्स मॅन्युअल. डिकीत नाहीतर ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या कागदांखाली दबलेलं असतं, नसेलच तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते. त्यात शेवटी-शेवटी एक तक्ता असतो, त्यातून तीन गोष्टी मोबाइलमध्ये लिहून घ्यायच्या: ग्रेड (म्हणजे १०डब्ल्यू-३० वगैरे), दर्जाची अक्षरं (एपीआय, जासो, एसिया यातलं जे असेल ते, त्यांचा अर्थ पुढे सांगतो) आणि ऑइल किती बसतं.

हे 'किती बसतं' वाचताना नवशिके हमखास फसतात, कारण तिथे एक नाही, दोन-तीन आकडे असतात. नुसतं ऑइल काढून भरलं तर एक आकडा, फिल्टरही बदलला तर दुसरा, आणि इंजिन पूर्ण खोललं असेल तर तिसरा, तो सगळ्यात मोठा. आपण इंजिन खोलत नाही, तेव्हा तो तिसरा आकडा आपला नाहीच. तो बघून भरलं की ऑइल जास्त होतं, आणि जास्त ऑइल हे कमी ऑइलइतकंच वाईट, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) त्या ऑइलमध्ये बुडून फिरतो, ऑइल घुसळून फेस होतो, फेसाने वंगण होत नाही, वर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून ते एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन बसतं आणि मग गाडी धूर मारायला लागली की आपण म्हणतो पिस्टन रिंगा गेल्या.

आणि हो, कंपनी 'आमचंच ऑइल वापरा' असं त्याच पानावर ठळक छापते. वापरलं तर उत्तमच, पण नाही मिळालं तर अडत नाही, ग्रेड आणि अक्षरं जुळली की डब्यावर कुठलं चित्र आहे याने फारसा फरक पडत नाही. ऑइलच्या ब्रँडवरून लोक जेवढं भांडतात त्याच्या चौथा हिस्सा वेळ डब्याची मागची बाजू वाचायला दिला तरी पुरे.

ते आकडे म्हणजे काय

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो की थंडीत ऑइल किती सहज वाहतं, आणि नंतरचा आकडा सांगतो की इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ते किती जाड राहतं. आधीचा आकडा जितका लहान तितकं सकाळी स्टार्ट मारल्यावर ऑइल लवकर वर पोचतं. आता ५डब्ल्यूची पंपाची चाचणी उणे ३५ अंशाला घेतात आणि २०डब्ल्यूची उणे २० ला, आपल्याकडे महाबळेश्वरलासुद्धा तेवढं गारठत नाही, तेव्हा २०डब्ल्यू ऑइल गोठून बसेल ही भीती नाही. पण इंजिनची सगळ्यात जास्त झीज थंड स्टार्टनंतरच्या पहिल्या काही क्षणांतच होत असते, त्यामुळे लहान आकड्याचा थोडा फायदा पुण्या-नाशिकच्या थंडीतही होतो.

दुसऱ्या आकड्यावरून मात्र फार गैरसमज आहेत. 'आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल टाका' हे मी चंद्रपूरच्या माणसाकडूनही ऐकलंय आणि कोल्हापूरच्याही. ऐकायला पटतं. पण पाण्यावर थंड होणाऱ्या कारच्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, बाहेर ४६ अंश असो नाहीतर २६, कूलंट साधारण नव्वदच्या आसपासच फिरत असतो. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंशाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (हे जाडीचं माप) मध्ये असतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ च्या, म्हणजे तापल्यावरही ते सरासरी दीडपटीहून जास्त जाड. ज्या इंजिनाच्या बेअरिंगमधल्या फटी पातळ ऑइल धरून कातलेल्या आहेत, ज्याची व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणाच ऑइलच्या प्रेशरवर बारीक भोकांतून चालते, तिथे हा जाड रस्सा ओतून संरक्षण वाढत नाही, पंपाचं काम वाढतं आणि ॲव्हरेज पडतं. मारुतीच्या अलीकडच्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ लागतं, पाण्यासारखं पातळ दिसतं, पहिल्यांदा ओतताना माझाही हात थबकला होता. पण इंजिन त्यासाठीच बनवलंय.

उलट बाजूही तितकीच खरी. बऱ्याच पल्सरना २०डब्ल्यू-५०, बुलेटला १५डब्ल्यू-५० असं कंपनीच सांगते, कारण हवेवर थंड होणारी इंजिनं ट्रॅफिकमध्ये जास्त तापतात आणि तिथे थर्मोस्टॅट नसतो. तिथे 'पातळ ऑइलने पिकअप वाढतो' म्हणून कोणी १०डब्ल्यू-३० टाकायला सांगितलं तर ऐकू नका. आणि भाच्याची ॲक्टिव्हा? तिला १०डब्ल्यू-३०, गाडी जुनी असो की नवी.

बाइकला कारचं ऑइल टाकू नका, मी टाकलं होतं

कारचं ऑइल बदलून डब्यात लिटरभर उरलं होतं, ५डब्ल्यू-३०, चांगलं महागातलं सिंथेटिक. बाइकच्या ऑइलची वेळ झाली होती, म्हटलं वाया कशाला घालवा, एवढं भारी ऑइल बाइकने कधी बघितलं नसेल. ओतलं. दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली, मी खूश. तिसऱ्या दिवशी साताऱ्याकडे निघालो, कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिनचा आवाज चढला पण गाडी होती तिथेच, पुढे जाईना, नुसती बोंबलतेय. सोडला, परत पिळला, तेच. मागून एसटी हॉर्न मारतेय. क्लच स्लिप. कसाबसा पहिल्या-दुसऱ्यावर चढ संपवला आणि बोगद्याच्या अलीकडे गाडी लावून दहा मिनिटं नुसता बसलो.

झालं असं होतं की बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलमध्ये भिजत असतात. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडूनही एकमेकींना धरून ठेवायला हव्यात. कारच्या ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, कारचा क्लच कोरडा, बाहेर असतो म्हणून तिथे चालतं, बाइकच्या प्लेटा मात्र त्यांनी गुळगुळीत होतात. ऑइल दोनदा बदलल्यावर माझी पकड परत आली, नशीब प्लेटा जळल्या नाहीत.

म्हणून बाइकच्या डब्यावर जासो ही अक्षरं शोधायची. जपानी मोटर उद्योगाचं हे प्रमाण, डब्याच्या मागे छोट्या चौकटीत छापलेलं असतं. गिअरवाल्या बाइकला एमए किंवा एमए२. २००६ साली एमएचे दोन भाग केले, एमए१ आणि एमए२, त्यात एमए२ ची क्लचवरची पकड जास्त. गिअर नसलेल्या स्कूटरला एमबी, कारण तिचा क्लच कोरडा असतो, पट्ट्यापलीकडे, ऑइलचा आणि त्याचा संबंधच नाही, त्यामुळे तिथे घर्षण कमी करणारं ऑइल उलट फायद्याचं. स्कूटरला चुकून एमए टाकलं तर काही बिघडत नाही, ॲव्हरेजमध्ये किंचित फरक पडेल. बाइकला एमबी टाकलं तर माझा कात्रज होतो. अजून एक खूण म्हणजे डब्यावरचा एपीआयचा गोल शिक्का, त्याच्या खालच्या अर्ध्या वर्तुळात इंग्रजीत 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेलं असेल तर ते ऑइल बाइकसाठी नाही.

बाकीची अक्षरं

एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. एसने सुरू होणारी अक्षरजोडी पेट्रोल इंजिनसाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पेट्रोल गाडीच्या पुस्तकात एसएल लिहिलं असेल आणि दुकानात एसएन मिळालं तर बिनधास्त घ्या, नवा दर्जा जुन्याला चालतो, उलटं मात्र नाही, एसपी सांगितलेल्या गाडीला एसएल नको. टर्बो पेट्रोलवाल्यांनी तर एसपीवर अडूनच बसा, छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा जो त्रास आहे त्याची चाचणी त्या दर्जात घेतलेली आहे.

डिझेलवाल्यांचं प्रकरण जरा वेगळं. बीएस६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल कारना सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ असतो, काजळी पकडणारी जाळी. काजळी तापवून जाळता येते पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती तिथेच साठत जाते, म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, पुस्तकात एसिया (युरोपातल्या गाड्या बनवणाऱ्यांचं प्रमाण) सी२ किंवा सी३ असं काहीतरी दिसेल. इथे जुन्या सवयीने ट्रॅक्टर-ट्रकचं स्वस्त १५डब्ल्यू-४० ओतलं तर डीपीएफचा खर्च ऐकून झोप उडेल. शिवाय या गाड्यांच्या डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर चमत्कार समजू नका, ती जाळी साफ करताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, वरच्या खुणेच्या पुढे गेलं की ऑइल बदलायचं.

मिनरल, सेमी, सिंथेटिक यावर फार लिहीत नाही. सिंथेटिक जास्त काळ टिकतं, उष्णतेत कमी बिघडतं, महाग असतं. पुस्तकात मागितलं असेल तर तेच, ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू असेल तर बहुतेक तेच मिळतं. शंभर सीसीच्या बाइकला कंपनीने सांगितलेलं साधं ऑइल वेळेवर बदललं तर ते, महागडं ऑइल टाकून वर्षभर विसरण्यापेक्षा कितीतरी बरं. ऑइलमध्ये घालायच्या जादूच्या बाटल्या आणि इंजिन फ्लश मी वापरत नाही, चांगल्या ऑइलमध्ये जे लागतं ते आधीच असतं.

एक गंमत सांगतो. बैलगाडीच्या आसाला आपल्याकडे एरंडेल घालायचे, आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, आणि मोटारीच्या ऑइलमधलं जे सगळ्यात ओळखीचं नाव आहे, कॅस्ट्रॉल, तेही एरंडेलावरूनच पडलंय. १९०९ साली ते ऑइल काढलं तेव्हा त्यात एरंडेल मिसळलेलं होतं, एरंडेल म्हणजे इंग्रजीत कॅस्टर. म्हणजे आजोबांचं आणि आपलं वंगण फार लांबचं नाही.

फिल्टर

आधी बघा की तुमच्या गाडीला फिल्टर आहे का. हसू नका. स्प्लेंडरसारख्या बाइकला बदलायचा कागदी फिल्टर नसतोच, आत जाळी असते आणि एक फिरणारी वाटी जी भोवऱ्यासारखी फिरून कचरा कडेला चिकटवते. ॲक्टिव्हालाही फक्त जाळी. अशांना दुकानदार फिल्टर विकायला लागला तर तो एअर फिल्टर असेल, नाहीतर तो तुम्हाला ओळखतो.

कारमध्ये दोन प्रकार. एक पत्र्याचा डबा, अख्खाच्या अख्खा फिरवून काढायचा आणि नवा लावायचा. दुसरा नुसता कागदी एलिमेंट, त्याचं घर गाडीतच असतं, झाकण उघडून आतला कागद बदलायचा, जुन्या स्विफ्ट डिझेलच्या १.३ मल्टिजेट इंजिनात हाच. एलिमेंटवाल्यात सोबत एक रबरी रिंग येते ती बदलायचीच, 'जुनी चांगली आहे' म्हणायचं नाही.

बाहेरून दोन डबे अगदी सारखे दिसतात, आटेही बसतात, तरी आतून वेगळे असू शकतात. डब्यात कागदाशिवाय दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. एक म्हणजे बायपास व्हॉल्व्ह, फिल्टर तुंबला किंवा ऑइल फार जाड असलं तर हा उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे सोडतो, कारण घाणेरडं ऑइल परवडलं पण ऑइलच नाही हे परवडत नाही. तो किती प्रेशरला उघडणार हे इंजिनागणिक ठरलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे एक रबरी पडदा, बाजूच्या छोट्या भोकांतून डोकावलं तर दिसतो, गाडी बंद असताना डब्यातलं ऑइल मागे उतरून जाऊ नये म्हणून. हा पडदा कडक झाला की सकाळी स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, कारण रिकामा डबा आधी भरतो आणि मग ऑइल वर जातं. म्हणून फिल्टर घेताना 'या गाडीचा द्या' एवढ्यावर भागवू नका, इंजिन सांगा, साल सांगा, जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर दाखवा. कंपनीचा ओरिजिनल छोट्या पेट्रोल कारला शे-दोनशे रुपयांतच येतो, त्यात कंजुषी करून काही मिळत नाही. बॉश, प्युरोलेटर, मान, माहले असे फिल्टरवालेही चांगले, नंबर जुळला म्हणजे झालं. आणि प्रत्येक ऑइलला फिल्टर बदला, 'एक सोडून एक' या हिशोबात जुन्या डब्यातलं पाव-अर्धा लिटर काळं ऑइल नव्यात मिसळतं.

विकत घेताना

नकली ऑइल खरंच असतं आणि ते बहुतेकदा खऱ्याच डब्यात असतं, गॅरेजमधून रिकामे डबे गोळा करून परत भरलेलं. पेट्रोल पंपावर त्याच कंपनीचं ऑइल घ्या, इंडियन ऑइलकडे सर्वो, भारत पेट्रोलियमकडे मॅक, हिंदुस्तान पेट्रोलियमकडे एचपी, नाहीतर ओळखीचं मोठं दुकान. पुण्यात नाना पेठेत गेलात तर अख्खी गल्ली स्पेअर पार्टची आहे, सगळं मिळतं, पण झाकणाची रिंग तुटलेली नाही ना, खालचं फॉइल अख्खं आहे ना, बॅच नंबर आणि तारीख नीट छापलेली आहे ना, हे दुकानातच बघायचं आणि बिल घ्यायचं. एमआरपीच्या अर्ध्यात देतोय म्हटलं की मी निघतो. आणि आपला रिकामा डबा भंगारात देण्याआधी सुरीने कापून द्या.

मापाचंही बघा. स्कूटर-बाइकसाठी ८०० आणि ९०० मिलीचे डबे मिळतात, ते उगाच नाहीत. गाडीला ७०० मिली लागत असेल तर ८०० चा डबा 'संपवून टाकायचा' नसतो.

सोबत हे घ्या: ड्रेन नटचा (खालून ऑइल काढायच्या नटचा) नवा वायसर (तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, दहा-पंधरा रुपये), मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, नरसाळं, पसरट घमेलं, जुन्या चिंध्या, वर्तमानपत्र, हातमोजे. हातमोजे नाटक नाही, वापरलेलं ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागणं चांगलं नाही, त्यात कॅन्सरला कारण ठरणारे पदार्थ तयार झालेले असतात. डबल एंड पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, ड्रेन नटला लावू नका, नटाचे कोपरे गोल करून ठेवतो.

प्रत्यक्ष काम, आधी कारचं

गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवा, ऑइल कोमट झालं पाहिजे, उकळतं नाही. लांबून चालवून आणली असेल तर अर्धा तास थांबा. सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. जॅकवर उचलली तर खाली जॅक स्टँड लावल्याशिवाय एक हातसुद्धा गाडीखाली घालायचा नाही. गाडीसोबत येतो तो जॅक चाक बदलायला आहे, गाडीखाली झोपायला नाही, आणि स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर अजिबात नको, ते आधी कुरकुरत नाहीत, थेट फुटतात. स्टँड नसतील तर ऑइल विकत आणून ओळखीच्या गॅरेजला द्या आणि समोर उभं राहून बदलून घ्या, त्यात कमीपणा नाही.

बॉनेट उघडून वरचं ऑइलचं झाकण सैल करा म्हणजे ऑइल भरभर उतरतं. मी ते झाकण आणि डिपस्टिक दोन्ही काढून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतो, म्हणजे ऑइल भरायच्या आधी चुकून कोणी स्टार्ट मारायला बसलं तर झाकणावरच बसेल. घरात मुलं असतील तर हा उपाय करून बघा.

आता खाली चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट. इथे दोन मिनिटं थांबा आणि नक्की करा की हा इंजिनच्या चेंबरचाच नट आहे, गिअरबॉक्सचा नाही. नवशिक्यांचा हा क्लासिक घोटाळा: गिअर ऑइल काढून टाकलं, इंजिनमध्ये वरून नवं ओतलं, इंजिनमध्ये ऑइल डबल आणि गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत. काळं किंवा तपकिरी पातळ ऑइल आलं तर बरोबर, मधासारखं स्वच्छ, जाडसर आणि उग्र वासाचं आलं तर लगेच नट परत लावा.

नट खालून बघताना डावीकडे फिरवून सैल करायचा, मग हाताने फिरवत असताना आत दाबून धरायचा आणि शेवटचा आटा सुटला की झटकन बाजूला घ्यायचा. पहिल्या वेळी तो घमेल्यात पडणारच, सगळ्यांचा पडतो. धार सुरुवातीला लांब उडते आणि मग जवळ येते, घमेलं तसं सरकवायचं. दहा-पंधरा मिनिटं थेंब थेंब गळू द्या, तोवर चहा.

जुना फिल्टर हातानेच निघाला तर उत्तम, नाहीतर फिल्टरचा पाना, तोही नसेल तर सँडपेपर गुंडाळून पकड मिळते. स्क्रू ड्रायव्हर आरपार खुपसायचा उपाय सगळे सांगतात, मी एकदा केला, डबा फाटला आणि बूड तिथेच राहिलं, अख्खी दुपार गेली. फिल्टर निघाला की इंजिनच्या तोंडावर बोट फिरवून बघा, जुन्या फिल्टरची रबरी रिंग तिथेच चिकटून राहिलेली असते कधीकधी. तिच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रबरं एकावर एक, आणि गाडी सुरू केल्यावर सगळं ऑइल जमिनीवर.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नवं ऑइल लावा, तो उभा बसत असेल तर आत थोडं ऑइल भरा, हाताने फिरवत न्या, आणि रबर टेकलं की तिथून पुढे साधारण पाऊण फेरी, हातानेच. पाना लावायचा नाही. नक्की किती ते फिल्टरवर छापलेलं असतं.

ड्रेन नट नव्या वायसरसकट आधी बोटांनी लावा. तीन-चार आटे मऊ गेले पाहिजेत, अडला तर काढून परत लावा, जोर नाही. चेंबर बऱ्याच गाड्यांचा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यातले आटे गेले की मग ते परत पाडून घेत बसा नाहीतर अख्खा चेंबर बदला. पुस्तकात न्यूटन मीटरमध्ये आकडा दिलेला असतो आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोराएवढंच आवळणारा) असला तर त्यासारखं काही नाही. नसेल तर आखूड पाना घ्या, पान्याच्या मध्यावर पकडा, वायसर दबल्याचं हाताला कळतं, तिथून एक छोटी ओढ आणि थांबा. पान्याला पाइप घालून लांब करायचा नाही, आणि 'सुटू नये म्हणून अजून थोडं' तर मुळीच नाही.

वरून ऑइल ओता, पण सगळं नाही, पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पाव लिटर कमी. झाकण लावा, स्टार्ट करा, ऑइलचा लाल दिवा दोन-चार सेकंदांत गेला पाहिजे, नाही गेला तर लगेच बंद. अर्धा मिनिट चालू ठेवून खाली टॉर्च मारून बघा, नटाजवळ आणि फिल्टरजवळ. बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून, घालून, परत काढून बघा आणि थोडं थोडं टाकत दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा.

दुचाकीत काय वेगळं

मेन स्टँडवर, सरळ उभी. साइड स्टँडवर ऑइल अर्धवट निघतं आणि लेव्हल चुकीची दिसते. स्कूटरला दोन नट असतात, एक इंजिनचा आणि एक मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचा, तो वेगळा, त्याचं ऑइलही थोडंसंच असतं आणि तेही कधीतरी बदलायचं असतं, लोक गाडी विकेपर्यंत विसरतात. काही गाड्यांत नटाबरोबर स्प्रिंग आणि जाळी बाहेर येते, काढण्याआधी फोटो काढा, जाळी पेट्रोलमध्ये धुवून, वाळवून त्याच तोंडाने बसवा. जाळीत बारीक चकाकणारा भुगा थोडासा दिसला तर चालतं, कपच्या दिसल्या तर मेकॅनिककडे.

होंडाच्या स्कूटरची डिपस्टिक तपासताना आटे फिरवून घट्ट करायची नाही, नुसती टेकवायची. इतर गाड्यांचं आपापल्या पुस्तकात बघा. बुलेटला काचेची खिडकी असते, ती बघताना गाडी सरळ धरायला एक माणूस लागतो.

कधी बदलायचं? मारुतीच्या पेट्रोल कारला साधारण १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. बाकीच्यांचं पुस्तकात. तो 'एक वर्ष' वाला भाग लोक विसरतात. मंडईपर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणारी स्कूटर नीट तापतच नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साठत राहतं, तिचं किलोमीटर भरायची वाट बघत बसू नका. रंगावरून मात्र ठरवू नका, डिझेलचं नवं ऑइल शंभर किलोमीटरमध्ये काळं होतं, ते त्याचं कामच आहे.

काळ्या ऑइलचं काय करायचं

गटारात नाही, झाडाखाली नाही, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत तर नाहीच. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, आणि एप्रिल २०२४ पासून तर वापरलेलं ऑइल गोळा करून परत शुद्ध करून घ्यायची जबाबदारीही ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. आपण करायचं एवढंच की ते नरसाळ्याने एका कापायच्या राहिलेल्या डब्यात भरायचं, त्यात पाणी-पेट्रोल काही मिसळायचं नाही आणि मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचं, त्यांच्याकडे पिंप असतं, परवानाधारक माणूस येऊन नेतो. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या. वाळवीसाठी दाराच्या चौकटीला जळकं ऑइल फासायची पद्धत आपल्याकडे आहे खरी, पण घरात तो वास आणि ती चिकट घाण, त्यापेक्षा वाळवीचं औषध आणा.

सगळं झालं की फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, बिल मॅन्युअलमध्येच ठेवा, आणि रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून झोपा. सकाळी पुठ्ठा कोरडा तर काम झालं.

भाच्याने सकाळी पुठ्ठ्याचा फोटो पाठवला, मधोमध रुपयाएवढा डाग. विचारलं वायसर नवा लावलास का. बराच वेळ निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर नाही. मग आलं, "मामा, तो पंधरा रुपये सांगत होता."